गावातली बंद पडलेली बँक : ठेवायची की पाडू द्यायची?

येरळाकाठ
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून एसटीनं अर्धा तास. गावाचं नाव आणि बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वारसांत आधीच धुसफूस आहे, त्यात माझी भर नको.

मारुतीच्या देवळासमोर दुमजली दगडी इमारत आहे. खाली बँक, वर मॅनेजरचं बिऱ्हाड. बँक स्टँडजवळच्या नव्या गाळ्यात गेली त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून कुलूप. कौलं सरकलीत. पन्हळीत पिंपळ उगवलाय आणि त्याचं मूळ वरच्या खिडकीच्या चौकटीत शिरलंय. दाराच्या फटीतून बघितलं तर काउंटर अजून जागेवर आहे. पैसे घ्यायची खिडकी असते ना, तिथं लाकडाला ओंजळीएवढा खळगा पडलाय. इतकी वर्षं नाणी सरकवून सरकवून.

आता वारस म्हणतात पाडून दहा गाळे काढू. जागा त्यांची, मी कोण सांगणार? पण गावात दगडी म्हणावी अशी देऊळ सोडून हीच एक इमारत. ती किती जुनी आहे हे कसं ठरवायचं? कायद्यात काही सोय आहे का? आणि समजा वाचली, तर तिचं करायचं काय? वाचनालय सोडून दुसरं काही सुचवा, वाचनालय आहे आणि त्यात पेपर वाचायला चार म्हातारे येतात. पाचवा मी.

फुकटसल्ला
आत स्ट्राँग रूम असेलच. आधी ती उघडा. बाकी चर्चा नंतर.

येरळाकाठ
आहे. लोखंडी दार बंद आहे. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. गावात दोन मतं आहेत : एक, आत सोनं आहे, दोन, आत कॅशियरचं भूत आहे.

फुकटसल्ला
दोन्ही असेल. भूत सोन्याचं व्हाउचर मागत असेल.

चुनाविटा
मी कोल्हापुरात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते. फोटो नाहीत म्हणून अंदाजानं लिहितेय.

वय ठरवायला आधी छताकडे बघा. तळमजल्याच्या छताला लोखंडी गर्डर आणि मध्ये विटांच्या उथळ कमानी आहेत का? असतील तर गर्डरच्या उभ्या अंगावर टॉर्च मारा. रंगाच्या थराखाली उठावाची अक्षरं सापडतात. ‘डॉरमन लाँग, मिडल्सबरो’ असेल तर माल विलायतेचा. ‘टाटा’ असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच त्या सुमारास. पण हे गर्डरचं वय झालं, इमारतीचं नव्हे. आपल्याकडे एका वाड्याचा गर्डर काढून दुसऱ्याला घालायची जुनी खोड आहे. एक कौलही उलटं करून बघा, मंगलोरी असेल तर पोटावर कारखान्याचं नाव असतं.

वयापेक्षा पिंपळाची घाई करा. वरून छाटू नका. छाटला की तो खाली जोर धरतो आणि मूळ दगडाच्या सांध्यात जाडच होत जातं. मूळ ओढूनही काढू नका, सोबत दगड येईल. बुंध्याशी कापायचं, मुळाला भोकं पाडून मारायचं, सुकलं की चुन्यानं सांधा भरायचा. चुन्यानंच. सिमेंटनं नाही.

माणदेशी
सिमेंटनं का नाही? आमच्या वाड्याला दहा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. मजबूत झालाय की.

चुनाविटा
@माणदेशी, आतल्या भिंतीला खालून दोन-अडीच फुटांवर पोपडे येतात का? रंग टिकत नाही, पांढरी भुकटी पडते?

माणदेशी
...हो.

चुनाविटा
चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडून देते. बाहेरून सिमेंट लावलंत म्हणजे तिचं नाक दाबलंत. ओल मग घरात येते आणि येताना क्षार घेऊन येते. बाहेरचा गिलावा खालचे तीन फूट तरी उतरवा, पुढच्या पावसाळ्याआधी.

गलाईवाला
राम राम मंडळी. कोईमतूरहून लिहितोय. वाचून डोळ्यात पानी आलं राव.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची मानसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरल्याली, हे पुन्या-मुंबईच्या लोकास्नी ठावं नसतंय. सोनाराच्या दुकानातली झाडलोट घ्यायची, मुशीत टाकनखार घालून आटवायची, त्यातनं सोनं काडायचं. पाऊस न्हाई, रान पिकंना, मग पोरगं मिसरूड फुटायच्या आत भट्टीवर. माजं बी तसंच झालं. मी पयला ड्राफ्ट घरी लावला तवा चौदा वर्सांचा होतो, शेठनी माज्या नावानं काडून दिला. तो ड्राफ्ट असल्याच बँकेत वटला. येरळाकाठ दादा, तुमचं गाव मला कळलंय. सांगत न्हाई कुनाला.

गावाकडं दुष्काळ आन् बँकेत ठेवी, असं आमच्या भागाचं हुतं. पैसा सगळा मुशीतनं आल्याला.

आडवाटेची
गलाईवाला दादा, तुमच्या ड्राफ्टचं दुसरं टोक मी सांगते.

आमचे आजोबा केरळात कण्णूरला होते, गलाईतच. वर्षातून एकदा यायचे, जत्रेला. आजीच्या नावावर ड्राफ्ट यायचा. पोस्टमन पाकीट देऊन गेला की आजी त्या दिवशी शेतावर जायची नाही. नऊवारी बदलायची, मला बोटाला धरायची आणि निघायची. बँकेत बायकांना बसायला जागा नव्हती, दोन बाकं होती ती पुरुषांची. ती खांबाला टेकून उभी राहायची. टोकन हातात घट्ट. पितळी, गोल, वर भोक. नंबर तिला वाचता यायचा नाही म्हणून मला नेलेलं. कॅशियरनं पुकारलं की मी तिला ढोसायचं.

अंगठा लावायची. निळी शाई. घरी येईपर्यंत तो अंगठा ती मुठीत लपवून धरायची, पदराला डाग पडू नये म्हणून असं मला वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं, डागाचं नव्हतं ते. पुढे कॅशियर म्हणाले, “काकू, नात शाळेत जाते ना? तिच्याकडनं नाव गिरवून घ्या, मी फॉर्म बदलून देतो.” चार महिने पाटीवर गिरवलं तिनं. सही करून पहिल्यांदा पैसे काढले त्या दिवशी आम्हाला दोघींना भेळ.

आमचं गाव निराळं, बँकही निराळी. ती इमारत पाडली. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

बाराखडी
आडवाटेची ताई, __/\__

परखड
सगळ्यांचा मान ठेवून विरोधी सूर लावतो. हा गहिवर आपल्याला पुण्यात-कोईमतुरात बसून येतो. गावात राहणाऱ्याला विचारा. बाजारच्या दिवशी बायकांना जायला मुतारी नाही. गाळे झाले तर दहा पोरांना धंदा मिळेल. आणि ज्या इमारतीत तुमच्या आजीला बसायला बाक दिलं नाही, ती जपायची कशासाठी?

आडवाटेची
@परखड, तिनं सही तिथं केली म्हणून.

मुतारीचं मात्र बरोबर बोललात.

कृष्णाकाठ
थोडा इतिहास, कारण बँक इमारत म्हटलं की लोक थेट ब्रिटिश काळ म्हणून मोकळे होतात.

खानापूर, तासगाव, वाळवा हे ब्रिटिश सातारा जिल्ह्यातले तालुके. सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून जुने कागद शोधताना ‘सातारा’ म्हणून शोधा, सांगलीत सापडणार नाहीत.

बँकेआधी अर्थात सावकार. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात पुणे, सोलापूर, नगरबरोबर सातारा होता. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आणि आपल्याच भागातल्या माणसांनी आपल्या बँका काढल्या : सांगली बँक १९१६ ची, युनायटेड वेस्टर्न बँक साताऱ्यात १९३६ साली. दोन्ही आज नाहीत. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. सहा-सात महिन्यांच्या अंतरानं दोन्ही जिल्ह्यांची नावाजलेली बँक गेली. पाट्या उतरल्या तेव्हा माझे वडील सांगलीत फाटकाशी उभं राहून बघत होते, एखाद्याच्या मयताला उभं राहावं तसे.

तेव्हा धागाकर्त्यांची इमारत ब्रिटिशांनी बांधली नसणार. बहुधा गावच्याच पैशाची, सावकाराची पेढी किंवा व्यापाऱ्याची वखार, नंतर बँकेला भाड्यानं दिलेली.

तुफानी
आमचे आजोबा सांगायचे पत्री सरकारनं आमच्या भागातल्या बँका लुटल्या होत्या. या बँकेतही काही झालं असेल का?

कृष्णाकाठ
@तुफानी, गल्लत होतेय. गाजलेली लूट १९४३ ची, शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवली ती. सरकारी पैसा होता तो. लोकांच्या ठेवींवर हात टाकला असता तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना गावोगाव भाकरी कुणी दिली असती?

तुफानी
ते पण खरंय. आजोबा थोडं वाढवून सांगायचे.

फुकटसल्ला
सगळ्यांचेच आजोबा. आमच्यांनी एकट्यानं आयर्विन पूल बांधलाय.

बाराखडी
धागा बँकेवर आणा लोकहो.

बारकूवकील
कायद्याचं विचारलंत म्हणून. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० चा. त्याखाली इमारत संरक्षित व्हायची तर तिला तसं ऐतिहासिक वजन लागतं. गावातल्या भाड्याच्या बँकेसाठी तो दरवाजा ठोठावून चपला झिजवू नका. शहरांत वारसा इमारतींची यादी करता येते, गावठाणात तुमच्यापुढे खरा मार्ग एकच, मालकांशी बोलणं.

आणि बँक का गेली याचं एक कारण सांगतो. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात बँकांना आणि एक कोटीवर भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेकरूचं संरक्षण उरलं नाही. तोवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यात बसलेल्या शाखांना मालकांनी नोटिसा काढल्या. काहींनी भाडं वाढवलं, काहींनी जागा सोडली. तुमच्या बँकेनं वीस वर्षांपूर्वी सोडली म्हणता, हिशेब जुळतो. म्हणजे वारसांच्या वडिलांनीच भाडेकरू घालवला असण्याची शक्यता आहे. हे त्यांना जेवताना ऐकवू नका.

येरळाकाठ
वकीलसाहेब, तुम्ही आमच्या गावचे तर नाही? तंतोतंत असंच झालं होतं.

निवृत्त कॅशियर
बत्तीस वर्षं कॅश सांभाळली, त्यातली एकोणीस अशाच शाखांत. स्ट्राँग रूमबद्दल लोक फार काही बोलतात म्हणून लिहितो.

दाराला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही, याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणायचो. मॅनेजरशी अबोला असला तरी सकाळी पावणेअकराला दोघांनी शेजारी उभं राहायचंच. माझा एका साहेबांशी आठ महिने अबोला होता. रोज दोनदा खांद्याला खांदा. दुसरा जोड तिसऱ्याच शाखेत ठेवलेला असतो, एखादी हरवली तर. तेव्हा किल्ली गावात शोधू नका.

दुसरं. शाखा हलते तेव्हा रोकड, दागिने, लॉकर सगळं मोजून, सह्या होऊन जातं. सोन्याची आशा सोडा. दार मात्र काढत नाहीत, कारण ते काढायचं तर भिंत फोडावी लागते. आणि रिकाम्या खोलीला कोण कुलूप लावतं? दार नुसतं ओढून घेतात. येरळाकाठ, तुम्ही हँडल फिरवून बघितलंत का?

येरळाकाठ
काका, खरं सांगू? नाही.

फुकटसल्ला
वीस वर्षं!!! सगळं गाव!!!

निवृत्त कॅशियर
हसू नका. बंद दार ढकलून बघायला माणूस सहसा जात नाही, त्यातून ते बँकेचं. हँडलच्या बुडाशी आणि बिजागऱ्यांना गंजावरचं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग फिरवा. पाईप घालून जोर लावू नका, दांडा मुरगळेल. आत गेलात तर दार मागे बंद होऊ देऊ नका, विटा लावा. दारं बऱ्याचदा आतून उघडत नाहीत.

परखड
मी परवा जरा तिखट बोललो. एक व्यवहाराचं विचारतो. इमारतीमागे जागा किती आहे?

येरळाकाठ
मागे परसू आहे, विहिरीपर्यंत. बाजूनं बोळ जातो, ट्रॅक्टर जाईल एवढा. बाभळी माजल्यात.

परखड
मग गाळे तिकडे काढा की. बोळाकडे तोंड करून सहा निघतील, शिवाय मुतारी. पुढचा दगड तसाच राहू दे, आत पतसंस्था नाहीतर दवाखाना भाड्यानं द्या. वारसांना महिन्याकाठी पैसा दिसला की इमारत आपोआप आवडायला लागते.

चुनाविटा
हे मला सुचायला हवं होतं. +१. दवाखाना असेल तर फरशी उखडायची नाही एवढी अट घाला.

गलाईवाला
कौलाच्या खर्चाला आमी हिकडची मंडळी काय तरी बघू. आकडा आत्ता बोलत न्हाई, आदी मालकांचं काय ते कळू द्या. कोईमतुरात आमच्या भागातली दोन-तीनशे घरं हायती.

(तीन आठवड्यांनी)

येरळाकाठ
उशीर झाला, माफी. धावता वृत्तांत :

वारस अकरा. त्यातल्या थोरल्या आत्या मिरजेला असतात, वय ८४. त्यांनी चावी दिली, पण “दुरुस्तीला देतेय, धर्मशाळेला नाही” असं बजावून. पिंपळ बुंध्याशी कापला. गर्डरवर ‘टाटा’ निघालं, तेव्हा विलायतेचा मान गेला. कौलं दोनशेच्या आसपास फुटकी.

स्ट्राँग रूम. तेल सोडलं, दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी हँडल पाव फिरलं आणि दार कुरकुरत आलं. कुलूप नव्हतंच. बाहेर तोवर चाळीसेक माणसं जमलेली, पोरं खांद्यावर. आत एक मोडकं स्टूल, पंख्याचं एक पातं, डिंकाची वाळलेली बाटली, तीन पितळी टोकनं (१७, ४० आणि एकाचा आकडा झिजलेला) आणि लाकडी पेटाऱ्यात एकोणीस खतावण्या. भूत नाही. निम्मी गर्दी नाराज होऊन चहाला गेली.

एक खतावणी उघडली. १९५७ चा मार्च संपेपर्यंत रकाने रुपये-आणे-पै असे. १ एप्रिलला त्याच छापील रकान्यांवर लाल शाईची रेघ ओढून कारकुनानं वर ‘न. पै.’ (नवे पैसे) लिहिलंय, आणि समासात बारीक अक्षरात स्वतःसाठी हिशेब मांडलाय : ५ आणे ३ पै = ३३. पुढच्या तीन पानांवर असेच समास भरलेत. चौथ्या पानापासून समास कोरा. तोवर पाठ झालं असावं त्याला.

आता खालच्या सहा वह्यांना ओल लागलीय, पानं चिकटलीत. उन्हात घालू का?

कृष्णाकाठ
नका नका! २०१९ च्या महापुरात सांगलीत आम्ही हीच चूक केली. उन्हात कागद वाकडा होऊन कडकडीत होतो, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, उभ्या आणि थोड्या उघड्या ठेवा. चिकटलेली पानं ओढू नका, सुटतील तेवढ्यांत कोरा कागद घाला आणि तो रोज बदला. कोराच कागद, वर्तमानपत्राची शाई उमटते.

निवृत्त कॅशियर
आणि एक विनंती. खातेदारांची नावं असलेल्या पानांचे फोटो इथं टाकू नका. माणसं गेली असतील, पण कोण कुणाचं किती देणं लागत होतं ते गावात अजून चालतं. वह्या तशा बँकेच्या. १९८५ च्या नियमांत खतावण्या आठ वर्षं जपायच्या असं आहे, ती मुदत केव्हाच सरली. तरी आत्याबाईंच्या सहीनं शाखेला एक पत्र द्या, “वह्या सापडल्या आहेत, न्यायच्या असल्यास कळवावे.” पोच घ्या. बहुतेक कुणी येणार नाही.

समासाचा फोटो चालेल. ५ आणे ३ पैचा.

येरळाकाठ
पत्र उद्याच देतो. फोटो रात्री टाकतो, इथं रेंज नाही.

आडवाटेची
टोकनाचाही टाका. ४० नंबरच्या.

गलाईवाला
कौलं दोनशे म्हनलासा न्हवं? चांगल्या वखारीत भाव काडा आन् कळवा.

परखड
मुतारीचं काय झालं?

येरळाकाठ
आत्या म्हणाल्या, बघू.